शिक्का नसलेलं औषध

आमच्या घरात मला बसायला जागा नाही, हे मी मिल्काला रोज ऐकवायचो. बाहेरच्या खोलीत पाच छोट्या गाद्या, खेळण्यांचा ढीग आणि मधोमध माझी बायको, मांडीवर कुणाचं तरी पोर. गिरणीतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता सकाळी निवांत पेपर वाचीन. कसलं काय! पेपर उघडला की त्याच्याखालून कुणीतरी रांगत बाहेर यायचं. इस्राएलच्या वाळवंटातल्या ह्या दिमोनात अशी घरगुती पाळणाघरं पुष्कळ आहेत. आया पहाटेच्या बसने कामाला जातात आणि पोरं आमच्यासारख्यांच्या गळ्यात. मी कुरकुर करायचो खरा, पण शुक्रवारी दुपारी पोरं गेली की घर खायला उठायचं. मिल्काला हे ठाऊक होतं, म्हणून माझं बोलणं ती ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची.

त्या पाचांत तेहिला माझी लाडकी. दीड वर्षाची, केस कुरळे, आवाज फौजदाराचा. चावून चावून ओलं केलेलं बिस्कीट ती माझ्या तोंडात कोंबायची आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. "उष्टं खाल्ल्याने माया वाढते," असं मिल्का हसून म्हणायची. वाढली होती, हे मी कबूल करतो.

तेहिला वरच्या मजल्यावरच्या शेगुलाची नात. शेगुला आणि मिल्का दोघी अलिबागजवळच्या आवासच्या, एकाच विमानाने इकडे आलेल्या, एकमेकींशिवाय पान न हलणाऱ्या. शेगुलाची एकुलती एक मुलगी ओस्नात नवऱ्यापासून वेगळी होऊन पोरीला घेऊन आईकडे आली होती. मृत समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरीला. ओस्नात हिब्रूतच बोलायची. मराठी तिला कळायची सगळी, पण तोंडात यायची ती भांडताना किंवा भूक लागली की.

आजार आला तो अगदी मुकाट्याने आला. बसड्रायव्हरचा मुलगा योताम एका सकाळी पाय टेकेना. ताप म्हणावा तर नावाला. मिल्काने गुडघ्याला कोमट तेल लावलं. आम्हा कोकणी यहुद्यांचा धंदाच मूळचा तेलाचा; आमचं निम्मं वैद्यक घाण्यातून निघतं. दवाखान्यातही म्हणाले, पडला असेल कुठेतरी. आठवडा गेला न गेला तोच आदी नावाची दुसरी पोर मान वळवेना, लंगोट बदलायला पाय उचलला की किंचाळायची. तेव्हा मात्र मिल्काचा चेहरा उतरला. "अहो, दोघं एकाच घरात कशी पडतील?" ती म्हणाली, आणि स्वतःच टॅक्सी करून त्या मायलेकींना बीर शेवाच्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

तिथे सापडलं. मग आरोग्य खात्याची डॉक्टर गालीना आमच्या घरी आली. रशियातून आलेली, उंच, थकलेल्या डोळ्यांची बाई. तिने सगळ्या आयांना बोलावून समजावलं. हा जंतू लहान पोरांच्या घशात गुपचूप राहतो. लाळेतून, खेळण्यांतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बहुतेकांना काही करत नाही. पण एखाद्याच्या रक्तात उतरला की हाडात नाहीतर सांध्यात जाऊन बसतो. क्वचित हृदयातही.

"कुणी आणला?" योतामच्या आईने विचारलं.

"कुणीही. तुमच्या मुलानेसुद्धा. असं शोधता येत नाही, शोधूही नका," गालीना म्हणाली.

उरलेल्या पोरांच्या घशातला नमुना घेतला. तिघांच्याही घशात तोच जंतू निघाला. पोरं मात्र दणदणीत. तेहिलाने तर तपासणीची कांडी चावून ठेवली. गालीनाने प्रत्येक घरी औषधाची बाटली दिली. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. "लघवी लाल होईल, डोळ्यांतलं पाणीही. घाबरू नका. पण एकही वेळ चुकवू नका."

"दानियलभाऊंना पण द्या," शेगुला माझ्याकडे बोट करून म्हणाली. "सगळ्यांचं उष्टं तेच खातात." सगळ्या हसल्या. गालीनालाही हसू आलं. त्या खोलीतलं ते शेवटचं हसणं.

दुसऱ्या दिवसापासून सणाची सुट्टी होती. बेखमीर भाकरीचा सण; सात दिवस आंबवलेलं काही खायचं नाही, घरात ठेवायचं नाही. हॉटेलांना त्या आठवड्यात मान वर करायला फुरसत नसते, म्हणून ओस्नात तिकडेच मुक्कामाला गेली. जाताना बाटली आईच्या हातात देऊन म्हणाली, "आई, विसरायचं नाही हं." "मी काय म्हातारी झाले?" शेगुला फणकारली.

आता शेगुलाचं सांगायला हवं. सण आम्ही सगळेच पाळतो. आवासला मिल्काची आजी ह्या सणात आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायची. एवढ्यावरही आमच्या वाडवडिलांनी शेकडो वर्षं धर्म टिकवला. पण शेगुलाचं पाळणं निराळं होतं. ती पिशवीची शिवण उसवून आतला चुरा झटकायची. भिंतीच्या फटीत काडी घालायची. पाकिटावर रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मंडळाचा सणाचा शिक्का नसेल तर मीठसुद्धा घरात घ्यायची नाही. आंबवलेलं, पिठाचं, शंकेचं जे काही असेल ते एका कपाटात कोंबायचं, दारावर चिकटपट्टी लावायची, आणि रब्बींच्या हस्ते आतला माल सणापुरता परधर्मीयाला विकायचा. मग सण संपेपर्यंत त्या कपाटाला हात नाही, कारण आतलं आपलं नाही.

"शेगुला, त्या मुंगीला विचारलंस का, तिने पाव खाल्लाय का?" मी दरवर्षी चिडवायचो.

"तुम्ही आधी तुमचे खिसे झाडा, भाऊ. पोरांच्या बिस्किटांचा बाजार असेल आत."

चिडवायचो, पण कारण ठाऊक होतं. बासष्ट-त्रेसष्टचा तो काळ. आमचे लोक खरे यहुदी आहेत की नाहीत, असा प्रश्न ह्या देशात उठला होता. दुसऱ्या गावात शेगुला लग्नाची नोंद करायला गेली, तर टेबलामागच्या म्हाताऱ्या रब्बीने विचारलं, तुझ्या आईची आई कोण? तिची आई कोण? तिचं लग्न कुणी लावलं? आवासच्या पणजीचा दाखला ही पोर आणणार कुठून? हातावरची मेंदी फिकी पडून गेली तरी लग्न होईना. नवरामुलगा खमका म्हणून थांबला. पुढे सरकारने ते प्रकरण मिटवलं, लग्न झालं, संसार झाला, पुढे नवरा गेलाही. पण शेगुलाच्या मनातलं काही मिटलं नाही. आमच्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही, हा तिने पणच केला. आणि रब्बीच्या दारात प्रश्न घेऊन पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हा दुसरा. कपाटाच्या विक्रीचा कागदसुद्धा ती माझ्या हाती पाठवायची.

सणाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मिल्का वर गेली तर तेहिला आजीच्या कडेवर मलूल. तोंडात फोड, अंग कढत. "दाढा येतायत गो," शेगुला म्हणाली. "औषध दिलंस ना ते?" मिल्काने विचारलं. "दिलं की," शेगुला म्हणाली आणि ओट्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचा एक हात लुळा पडला. मी वर जाऊन बिस्कीट पुढे केलं, शिक्क्याचं, सणाचं. तिने डाव्या हाताने ते घेतलं, पण तोंडाकडे नेलं नाही. तशीच माझ्याकडे बघत राहिली. मी खाली धावलो, शेजाऱ्याची गाडी काढायला लावली.

जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला होता, आणि तिथून तुकडा सुटून मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. ओस्नात हॉटेलच्या गणवेशातच आली. तेहिलाला पुन्हा काही त्या डोळ्यांनी आम्हाला ओळखता आलं नाही. सण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. दीड वर्षाच्या पोरीला पुरायला किती थोडी माती लागते, हे मी बघितलं. कुणाला बघायला लागू नये.

दफन करून आलो. मिल्का सुतकाच्या घरी पाठवायला अंडी उकडत होती. शेगुला आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. तिने ते ओट्यावर ठेवलं. मिल्काने कागद सोडला. आत औषधाची बाटली. झाकणाची कडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"कपाटात होती," शेगुला म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मिल्काला कळलं. ती खाली स्टुलावर बसली.

"त्याच्यावर शिक्का नव्हता गो. गोड वास येत होता. आत पीठबीठ काय असेल, कुणाला ठाऊक? पोर तर घोड्यासारखी धावत होती. म्हटलं, सणाचे सात दिवस. सण झाला की देईन. ओस्नात दोन्ही रात्री फोनवर विचारायची, दिलंस? मी म्हणायचे, दिलं. तिला कशाला उगाच घोर?" तिचा आवाज अगदी सपाट होता. "सण संपला तशी मी हॉस्पिटलातून घरी आले, पट्टी फाडली, बाटली काढली. पोर तिकडे नळ्यांत होती आणि मी इथे चमचा शोधत होते."

मी ओरडलो. "अगं, रब्बी दोन गल्ल्यांवर राहतो! एक शब्द विचारायचा होतास!"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"ओस्नातला सांगितलंस?" मिल्काने विचारलं.

शेगुलाने मान हलवली. "तिला माझ्यावाचून कोण आहे?" आणि मग अगदी हळू, "मला तिच्यावाचून कोण आहे?"

ती गेल्यावर मी म्हटलं, मी सांगतो ओस्नातला, आत्ता जाऊन सांगतो. मिल्का दारात आडवी उभी राहिली. "तोंड उघडलंत तर माझ्याशी गाठ आहे. तिचं तिला बोलू दे."

सात दिवसांचं सुतक. वरच्या घरात ओस्नात जमिनीवर बसलेली, गळ्याशी कापड फाडलेलं. आमच्या धर्मात आजीला सुतक नाही. आईबाप, भावंडं, एवढ्यांनाच. म्हणून शेगुलाला त्या जमिनीवरही जागा नव्हती. ती आल्यागेल्याला पाणी देत भिंतीकडेने फिरायची, परक्या घरात कामाला ठेवल्यासारखी.

गावात बोलायला तोंडं कमी नाहीत. मिल्काच्या पाळणाघरात घाण, मिल्का खेळणी धूत नाही, मिल्का एकाच चमच्याने सगळ्यांना भरवते. योतामची आई रस्त्यात भेटली तर पलीकडून जायची. मिल्का तरी रोज वर जेवण न्यायची. एका दुपारी सगळ्यांदेखत ओस्नातने डबा परत सरकवला.

"तुमच्या घरचं नको," ती म्हणाली, चक्क मराठीत. "तुमच्या घरातनंच माझ्या मुलीला मरण आलं. औषध देऊनसुद्धा मेली ती. इतकी घाण होती तिथे."

मी शेगुलाकडे पाहिलं. ती पेला पुसत होती. मिल्काने डबा उचलला, "बरं, बाय," म्हणाली, आणि खाली आली. मग धुतलेली खेळणी पुन्हा काढून धूत बसली. मला शेगुलाचा संताप आला. खोटं कशाला सांगू, तिची दयाही आली, आणि दया आली म्हणून संताप आणखी वाढला.

सुतक संपत आलं तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेआधी डॉक्टर गालीना आली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, म्हणून मी होतो. तरुण रब्बीही येऊन बसला होता. भला मुलगा, दाढीही धड भरलेली नाही. गालीना ओस्नातसमोर जमिनीवरच बसली. म्हणाली, "मला हे आत्ता विचारायला नको वाटतं. पण बाकीची पोरं आहेत. औषध पूर्ण देऊनही असं झालं असेल, तर इथला जंतू त्या औषधाला दाद देत नाही असा अर्थ होतो. मग सगळ्या पोरांना हॉस्पिटलात आणून शिरेतून दुसरं औषध द्यावं लागेल. त्याचेही धोके आहेत. सगळ्या वेळा दिल्या होत्या ना?"

"दिल्या," ओस्नात म्हणाली. "मी दोन्ही दिवस फोन केला. आईने दिल्या. आई, सांग ना त्यांना."

शेगुला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मिल्का तिच्या शेजारी. मिल्काने तिच्याकडे पाहिलंही नाही, फक्त तिच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला.

"नाही दिल्या," शेगुला म्हणाली.

"काय?"

"एकदाही नाही. शिक्का नव्हता. खमिराच्या कपाटात ठेवली मी बाटली. तुला फोनवर खोटं सांगितलं." मग गालीनाकडे वळून तेच मोडक्या हिब्रूत सांगून म्हणाली, "औषध चांगलं आहे, डॉक्टर. पोरांना सुया टोचू नका. औषधाचा दोष नाही."

गालीनाच बोलली. "दिलं असतं तरी वाचली असती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्हीही तसं धरून चालू नका." ते तिने चांगल्या मनाने म्हटलं, पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही.

तरुण रब्बी उभा राहिला होता. "आजी," तो म्हणाला, "जिवापुढे सण नाही. हे तर लहान मुलांना शिकवतात. तुम्ही कपाट फोडून द्यायला हवं होतं. मला का नाही विचारलंत? रात्री उठवलं असतंत तरी मी आलो असतो."

"तुम्ही विचारलं असतंत," शेगुला म्हणाली, "माझी पणजी कोण."

त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. तो जन्मलाही नव्हता तेव्हा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी समजावून सांगीन म्हणून. मी मान खाली घातली. कुठून सुरुवात करायची असते अशा गोष्टीला?

ओस्नात मिल्काकडे बघत होती. "मावशी, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मी तुला एवढं बोलले, तू ऐकून का घेतलंस?"

"तुला कुणावर तरी ओरडायचं होतं, बाय. माझ्यावर ओरडलीस तर मी जिना उतरून घरी जाते. आईवर ओरडून तू कुठे जाणार होतीस?"

ओस्नातने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात न काढताच म्हणाली, "तिला माझ्यासमोरून जायला सांगा."

शेगुलाने पदराला हात पुसले. कुणाच्या पायाला पाय लागणार नाही अशी जपून चालत ती दारापर्यंत गेली आणि जिना उतरली. आमच्या दाराशी तिची पावलं थांबली. किल्ली आमच्याकडे होती. ती तिथेच पायरीवर बसली असणार.

प्रार्थना सुरू झाली. रब्बीचा आवाज दोनदा फुटला. मी पुटपुटत होतो, पण मन जिन्यात होतं. ओस्नात जमिनीकडे बघत होती. प्रार्थना संपली, गालीना गेली, पुरुष एकेक करून दाराच्या चौकटीला हात लावून गेले. मिल्काही निघाली तेव्हा ओस्नात भिंतीकडे तोंड करूनच बोलली, मराठीत.

"मावशी, तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. तिला जेवायला घाल. माझ्या हातून व्हायचं नाही आता."